स्पटरिंग म्हणजे फवारणी? मुळीच नाही

प्रश्न असा आहे: ‘थिन फिल्म डिपॉझिशनवरचा (म्हणजे पृष्ठभागावर अगदी पातळ थर चढवण्याच्या तंत्रावरचा) मजकूर मराठीत आणतो आहे. स्पटरिंगला फवारणी आणि थिन फिल्मला पातळ पटल म्हटलं तर चालेल का?’

फवारणी नको. हल्ली ही फवारणी वाचून वाचून डोकं उठलं आहे. फवारायला थेंब लागतात, आणि स्पटरिंगमध्ये थेंबच नसतात. निर्वात पेटीत जरासा आर्गॉन सोडायचा, विजेच्या दाबाने त्याचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, करायचा (इथे ‘रक्तद्रव’ लिहिलेलंही मी पाहिलं आहे!), मग आर्गॉनचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, टार्गेटवर (ज्या पदार्थाचा थर हवा त्याच्या तुकड्यावर) आदळतात आणि तिथले अणू उडवून लावतात. ते समोरच्या काचेवर नाहीतर सिलिकॉनच्या चकतीवर जाऊन बसतात. बरं, याच उद्योगात प्लाझ्मा स्प्रे नावाची खरीखुरी फवारणी आहे. तिथे भुकटी वितळवून मारतात आणि थर शेकडो मायक्रोमीटरपर्यंत चढू शकतो. स्पटरिंगचा थर सहसा काही नॅनोमीटरपासून काही मायक्रोमीटरपर्यंत. दोन्हींना एकच नाव दिलंत की वाचणारा फसलाच.

स्पटर हा शब्द डच स्पुटरेनचा सोयरा. कोशकार ‘नादानुकारी’ (आवाजाची नक्कल करणारा) एवढं लिहून मोकळे होतात. हा निव्वळ आळस. लॅटिनमध्ये स्पुएरे म्हणजे थुंकणे, इंग्रजीत स्प्यू म्हणजे ओकणे, आणि आपल्याकडे संस्कृतात ष्ठीव्, म्हणजे थुंकणेच, ज्याच्यापासून निष्ठीवन (थुंकण्याची क्रिया) आलं. हे तिघे एका कुळातले, यावर भाषाशास्त्रज्ञांचा फारसा वाद नाही. स्पटरलाही मी त्याच पंगतीत बसवतो, कोणाला पटो न पटो.

आता धातुपाठ, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांची (धातूंची) यादी, उघडा. तिथे अर्थ दिला आहे ‘ष्ठिवु निरसने’. निरसन, म्हणजे बाहेर टाकणे! टार्गेट अणू बाहेर टाकतं, याहून नेमकं वर्णन कोणत्या अभियंत्याने केलं आहे? आणखी एक. धातूच्या आरंभीच्या ‘ष’चा ‘स’ करा, असा पाणिनीचा नियम आहे. पण पाणिनीच्या सूत्रांवर पुरवणी लिहिणाऱ्या वार्तिककाराने ज्या मोजक्यांना त्यातून सूट दिली त्यांत हा धातू आहे. माझं मत विचाराल तर थुंकण्याचा तो आवाज व्याकरणालाही मोडवला नाही. (म्हणजे नादानुकार आहेच की, असं कोणी म्हणेल. आहे ना! पण तो चार हजार वर्षांहून जुना आहे, काल डचांनी काढलेला नव्हे.)

‘कणक्षेपण’ सुचवणाऱ्यांना एवढंच विचारतो, कण काय गोफणीतूनही फेकतात, मग ते स्पटरिंग का? घडवायचाच तर ‘निष्ठीवन’ घ्या. कारखान्यात कोणी म्हणणार नाही, हे मलाही कळतं. तिथे स्पटरिंगच चालतं आणि तुम्हीही तेच लिहा.

पातळ पटल ना? चालेल. पातळ म्हणजे मुळात पत्रल, पानासारखं.