सासूबाईंना एकदा वर्गात बोलव

"ताई, मी खानापूर तालुक्यात एका खासगी बालवाडीत शिकवते. माझा साडेचार वर्षांचा मुलगाही माझ्याच वर्गात आहे. माती, चिंचोके, गाणी, दुकान-दुकान यांतून आम्ही शिकवतो. जावेचा मुलगा बेळगावात इंग्रजी शाळेत जातो, शंभरपर्यंत आकडे लिहितो. सासूबाई म्हणतात, 'ही लेकरांना नुसतं खेळवत बसते.' जूनपासून माझ्या मुलालाही तिकडेच घालायचं, असं ह्यांचं चाललंय. पालक रोज विचारतात, होमवर्क काय? माझं चुकतंय का?"

तुझं चुकत नाहीये, बाळ. पण सासूबाईंच्या बोलण्यात एक रास्त प्रश्न आहे, तो आधी घेऊ. दुकान मांडून दिल्यावर तू काय करतेस? पोरं रमली म्हणून रजिस्टर भरायला बसत असशील, तर तो विरंगुळाच झाला. तू गिऱ्हाईक हो. "हे घे सात चिंचोके. गूळ पाचाचा ना? मग मला किती परत?" जो अडखळेल त्याला बोटं लावून मोजू दे. दुसऱ्या दिवशी "एष्टु?", म्हणजे "किती?", विचारणारं कानडी गिऱ्हाईक होऊन ये. घरात मराठी, बाजारात कानडी, शाळेत इंग्रजी, एवढं सगळं आपल्या पोरांच्या वाट्याला येतं. खेळात चुकायची भीती नसते, म्हणून तिथे ती बिनधास्त बोलतात.

जावेच्या मुलाचं कौतुकच कर. मात्र आकडे ओळीने लिहिणं वेगळं आणि सतरा म्हणजे किती हे कळणं वेगळं. या वयात मनगटातली हाडंसुद्धा पुरती घडलेली नसतात. बोटांत जोर येतो तो माती मळून, मणी ओवून, चिमटीने चिंचोके उचलून. माझ्या थोरलीला मी तिसऱ्या वर्षीच पाटी गिरवायला बसवलं होतं. ती रडायची आणि मी तिचा हात धरून गिरवून घ्यायची. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि तुमच्या खानापूरची माती तर कौलांसाठी, कुंभारकामासाठी नावाजलेली! बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी गावात खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा पानं, खडे, माती हीच साधनं वर्गात आणली. तुझ्या हाताशी ती आयतीच आहेत.

तुझ्या ह्यांना कागदावरचं पटत असेल तर सांग, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यासाठी २०२२ साली आलेल्या अभ्यासक्रम आराखड्याचा गाभाच खेळ आहे. आणखी एक वर्ष मागून घे. पण मुलाला तुझ्या पद्धतीचा पुरावा करू नकोस. पाहुण्यांपुढे त्याला "मोजून दाखव" म्हणू नकोस. त्याचा ताण त्याच्यावर येईल, आणि तुझ्यावरही.

होमवर्क मागणाऱ्यांना होमवर्क दे. घरातले चमचे लहान-मोठे लावायचे, रताळी निवडताना आईबरोबर मोजायची, आजीकडून एक गोष्ट ऐकून यायची आणि वर्गात सांगायची. पालकांना दारातच सांग, आज दुकानात काय मोजलं, कोण पहिल्यांदा बोललं.

सासूबाईंना धोरण वगैरे सांगू नकोस. दिवाळीतल्या किल्ल्याची आठवण करून दे. आपल्याकडे गल्लीगल्लीत पोरं चिखल तुडवतात, बुरूज ढासळला की पुन्हा उभा करतात, मावळे मोजून पायऱ्यांवर मांडतात. त्याला कुणी वेळ वाया गेला म्हणतं का? तेच तू वर्षभर करतेस.

आणि त्यांना एका शनिवारी वर्गात बोलव, पाहुणी म्हणून नको, सागरगोटे शिकवायला. एक वर उडवून खालचे दोन, मग तीन उचलायचे, हे त्यांच्याइतकं तुलाही जमणार नाही. पोरं भोवती बसली की तू बाजूला हो. बाकीचं त्यांना त्यांच्या डोळ्यांनी दिसू दे. काय झालं ते मला नक्की कळव.