'एनर्व्हेट'चा 'एनर्जी'शी काडीचाही संबंध नाही

'द स्पीच वॉज एनर्व्हेटिंग' म्हणजे भाषण स्फूर्तिदायक होतं का, आणि 'इनर्व्हेट' हा वेगळा शब्द आहे का, असं विचारलं आहे. स्फूर्ती कसली, ते भाषण ऐकून लोक गळून गेले! निव्वळ 'एनर्जी'सारखा ऐकू येतो म्हणून हा शब्द कौतुकाला वापरणाऱ्यांचा आता वैताग येतो. 'एनर्जी' ग्रीक 'एर्गोन'वरून आला. एर्गोन म्हणजे काम, इंग्रजी 'वर्क' त्याचाच भाऊबंद. 'एनर्व्हेट' लॅटिन आहे: 'ए' म्हणजे बाहेर, 'नर्व्हुस' म्हणजे कंडरा, मांसपेशीला हाडाशी बांधणारी चिवट दोरी. कंडराच काढून घेतली की माणूस उभा कसा राहणार? फ्रान्समधल्या ज्यूमिएजच्या दंतकथेत बंडखोर राजपुत्रांच्या पायांच्या कंडरा जाळून त्यांना सीन नदीत सोडून देतात. फ्रेंचमध्ये त्यांना 'एनेर्व्हे'च म्हणतात.

पण खरी मौज पुढे आहे. लॅटिन 'नर्व्हुस', ग्रीक 'न्यूरॉन' आणि आपला 'स्नायू' एकाच मुळाचे. तिघांचाही जुना अर्थ कंडरा, आणि तिघेही धनुष्याच्या दोरीलाही चालत. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात ग्रीक वैद्य हेरोफिलसने शवविच्छेदन करून मज्जातंतू वेगळे ओळखले. त्या पांढऱ्या दोऱ्यांनाही 'न्यूरॉन' हेच नाव पडलं. बंगालीत 'स्नायू' म्हणजे मज्जातंतूच. शीतयुद्धाला तिथे 'स्नायुयुद्ध' म्हणतात. मराठीत मात्र तो मांसपेशीकडे गेला. माझ्या मते मूळ अर्थाशी इमान मराठीनेच जास्त राखलं: बळ आणि हालचाल यांचा धागा आपण सोडला नाही.

मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशात मात्र 'स्नायु'पुढे कंडरा, मांसपेशी, मज्जातंतू, शीर असं सगळं एका दावणीला बांधलंय. हे मला बिलकूल मान्य नाही. प्राचीन शल्यवैद्य सुश्रुताने 900 स्नायू आणि 500 पेशी (म्हणजे मांसपेशी) वेगवेगळ्या मोजल्या, सिरा आणि धमन्या आणखी निराळ्या. नावेच्या फळ्या दोरांनी बांधाव्यात तसं शरीर स्नायूंनी बांधलेलं आहे, असं तो सांगतो. ज्याने प्रेतं कुजवून थर सोलून पाहायला शिकवलं, त्याच्या परंपरेतल्या शब्दाची अशी खिचडी करू नये.

'एनर्व्हेट'ला मराठीत 'गलितगात्र करणे' इतका चपखल शब्द असताना लोक 'कमकुवत करणे'वर का थांबतात, कळत नाही.

'इनर्व्हेट' हा शरीरशास्त्रातला वेगळा शब्द: अवयवाला मज्जातंतू पुरवणे.