लम्हेमध्ये चालते, मंग मले काहून नाही?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी मी समुपदेशनाला बसते. पूर्वी पोरीच्या प्रेमाची तक्रार म्हटली की ती परजातीतल्या मुलाची असायची. ती अजून येतेच, पण गेल्या काही वर्षांत तिच्या जोडीला दुसरी आली आहे. पोरगी विशीतली आणि तो चाळिशी ओलांडलेला. तो कधी अभ्यासिकेचे सर असतो, कधी कृषी केंद्राचा मालक, एकदा तर भजनी मंडळातला पेटीवाला होता. आईबापांनी निदान मात्र घरूनच करून आणलेलं असतं, "पिक्चर पाहू पाहू डोस्कं फिरलं इचं."

अशाच एका लेकीची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ती २० वर्षांची, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. तो ४३ वर्षांचा, ती जिथे अभ्यासाला बसायची त्या अभ्यासिकेत शिकवणारा, बायकोपासून वेगळा राहणारा. वडील कास्तकार, पाच एकर कोरडवाहू. ते सांगत होते, "माह्यापेक्षा सहाच वर्षांनी लहान आहे जी तो. मी त्याले जावई म्हनू का भाऊ म्हनू?" त्यांचा बेत पक्का होता. सोयाबीनची सोंगणी झाली की पोरीचं लग्न उरकून टाकायचं. स्थळही पाहून ठेवलेलं, नोकरीवाला मुलगा, वय ३४. इथे चौदा वर्षांचं अंतर होतं, पण ते घरात कुणाला दिसलं नव्हतं.

मुलगी पहिल्या भेटीत तयारीनिशी आली. "माह्यी आजी आजोबापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होती. तवा कोनं समुपदेशन केलं होतं का, मॅडम?" आणि लगेच दुसरा मुद्दा, एका जुन्या हिंदी सिनेमाचा, "लम्हेमध्ये चालते, मंग मले काहून नाही?"

प्रश्न रास्त होता, आणि मी तो रास्त आहे असं म्हटलंही. आमच्या क्षेत्रात समोरच्याच्या विचारातली चूक शोधून दाखवणारे बरेच आहेत, त्यांचा उपयोगही होतो. माझा ओढा मात्र अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सकडे. हा माणूस मानसशास्त्रात येण्याआधी कॉलेजात शेतीशास्त्र शिकायला गेला होता, हे मी इथल्या कास्तकारांना आवर्जून सांगते. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाला न हिणवता, न घाबरवता पूर्ण ऐकून घेतलं, तर त्याला स्वतःचं स्वतःला ऐकू येऊ लागतं. त्यामुळे 'त्याला सोड' हे वाक्य मी त्या मुलीसमोर एकदाही उच्चारलं नाही. आईला हे मुळीच पटलं नव्हतं. "मंग तुमी करून का राह्यल्या?" असं तिनं मला दारातच विचारलं होतं.

मी सिनेमावर बोलत होते. 'लम्हे' १९९१चा, यश चोप्रांचा. वीरेनचं पल्लवीवर प्रेम असतं, तिचं लग्न दुसऱ्याशी होतं, ती आणि तिचा नवरा जग सोडून जातात, आणि पुढे तिचीच मुलगी पूजा मोठी होऊन वीरेनवर प्रेम करू लागते. आई आणि मुलगी, दोन्ही श्रीदेवीच. त्या काळी आपल्याकडच्या प्रेक्षकांना हे पचलं नाही. मुलीला तो तोंडपाठ होता. शिवाय मोबाईलवर असल्याच जोड्यांच्या रील जपून ठेवलेल्या.

मग मी तिला म्हटलं, "तुझा आणि सरांचा पिक्चर काढला, तर त्याची स्टोरी सांग."

ती खुलली. सरांचं बालपण, वडिलांचा कर्जबाजारीपणा, राज्यसेवेची मुलाखत थोडक्यात हुकली ती, बायकोनं कधी समजूनच घेतलं नाही ते, रात्री झोप लागत नाही ते, चहा बिनसाखरेचाच लागतो तेही. किती तरी वेळ ती बोलत होती. हात हवेत, डोळ्यांत चमक.

ती थांबल्यावर मी विचारलं, "यात तू कुठे आहेस?"

"मी हाओ ना. मीच तं त्यायले समजून घेतो."

"ते झालं. पण पिक्चरमध्ये तुझं काय होतं? तुझी परीक्षा, तुझा बाप, तुझी भीती?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मी काही बोलले नाही. खूप वेळानं ती म्हणाली, "माह्यी स्टोरी त्यायनं कधी इचारलीच नाही."

मी इतकी वर्षं हे काम करते आहे. अशा वेळी पुढचं वाक्य आपल्या तोंडून न येऊ देणं हेच कौशल्य असतं, आणि ते मला साधलं. कारण पुढचं वाक्य तिचंच होतं, "ते म्हनतात, तू तुह्या वयापेक्षा समजदार आहेस. म्हनूनच मले सारं सांगतात."

वयाच्या अंतराच्या सिनेमात मला जे खटकतं ते हेच आहे. पूजा धीट आहे, आपलं प्रेम आपण होऊन सांगते, हे मान्य. तरी सिनेमा घुटमळतो तो वीरेनच्या दुःखापाशी. त्याचं भूतकाळात अडकणं, त्याची घालमेल, त्याचं सावरणं. मुलगी त्याच्या आयुष्याचं उत्तर म्हणून येते, तिचे स्वतःचे प्रश्न फारसे नसतात. आपल्याकडे उलट दिशेनंही बघून झालेलं आहे. १९३७ सालीच शांतारामबापूंच्या 'कुंकू'त शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या वकिलाला नवरा मानायला साफ नकार देते, आणि सगळी गोष्ट तिच्या बाजूनं चालते. तिथे लग्न लादलेलं होतं, इथे मुलगी स्वतःहून ओढली जाते, हा फरक मोठा आहे. पण गोष्ट कुणाची चालली आहे, हा प्रश्न दोन्हीकडे विचारता येतो.

पुढे तिनं स्वतःच एक पारखून पाहिलं. एका संध्याकाळी सरांना कळवलं, की आज चहाला थांबत नाही, घरी पेपर सोडवायचा आहे. उत्तर आलं, "तूपण बाकीच्यांसारखीच निघालीस." मग दोन दिवस अबोला. मोबाईल माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "मॅडम, पेपर माह्या होता आन् मनवत यायलेच बसलो." यावर मला काही जोडावं लागलं नाही.

आईबापांनो, वयाच्या अंतराला भिऊन मोबाईल काढून घेऊ नका, घाईघाईनं लग्नाचा बार उडवू नका. तसं केलंत तर तो माणूस एकटाच तिचं ऐकणारा उरतो, आणि तिला हवं होतं ते ऐकणारं माणूसच. मी सतरा वर्षांचं अंतर असलेलं एक जोडपं ओळखते, छान चाललं आहे. तो माणूस दिवसाढवळ्या मुलीच्या घरी येऊन बोलला होता, लग्नानंतर तिनं बी.एड. केलं, आणि ती 'नाही' म्हणाली तर घरात सुतक पडत नाही. बघायचं ते हे. तो चोरून भेटायला सांगतो का, तिच्या मैत्रिणी सुटत चालल्या का, तिचा अभ्यास मागे पडला का. शिकवणारा आणि शिकणारी असं नातं असेल तर दुप्पट सावध राहा, कारण तिथे नकार द्यायची मुभा मुळातच कमी असते.

मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल तर मात्र हा सगळा लेख बाजूला ठेवा. तिथे प्रेमाची चर्चाच नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२चा पॉक्सो कायदा तिची संमती धरत नाही, आणि गुन्हा कळल्यावर कळवणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांच्या मदतवाहिनीचा, १०९८ हा नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा.

वडिलांशी मी वेगळी बसले. ते म्हणाले, "पोरीसंग का बोलाव जी? कपाशीचा भाव सांगू तिले?" मी म्हटलं, "सांगा की." पीकविम्याचे अर्ज, पीककर्जाची कागदं मोबाईलवरून तीच भरायची. बाप नुसता आधार कार्ड पुढे करायचा आणि बाहेर जायचा. त्यांना एवढंच काम दिलं, की बाहेर जायचं नाही, शेजारी बसायचं, आणि रोज तिला एक तरी गोष्ट विचारायची जी अभ्यासाची नाही आणि लग्नाची नाही. पहिले काही दिवस ते नुसतेच बसले म्हणे. मग पऱ्हाटीवरच्या बोंडअळीवरून बोलणं निघालं, तिथून तिच्या परीक्षेच्या भीतीवर गेलं.

ते स्थळ गेलं. अभ्यासिका तिनं आपण होऊन बदलली. सरांचे मेसेज अधूनमधून यायचे, तिनं दिलेली उत्तरं मी मागितली नाहीत. परवा बाजारात भेटली तेव्हा कुरकुरत होती, "मॅडम, बाबाले जरा सांगा नं. रात्री दहा दहा वाजेलोक बोलत बसतात, माह्या अभ्यास होऊन नाही राह्यला."