मुस्लिम बायकांना केस कापायला बंदी आहे का?

तुम्ही लिहिलंय की नुकतंच पार्लर टाकलं, मुस्लिम ग्राहक येतात, पण "फक्त टोकं घ्या" म्हणून बसतात आणि भुवयांना हात लावू देत नाहीत. मग त्यांच्या धर्मात कात्रीच चालत नाही का, हा तुमचा प्रश्न.

मी नागपूरची. जाफरनगरात घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे आणि मी स्वतः मुस्लिम आहे. आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली, वगैरे नाही. ग्राहकांना उत्तरं द्यावी लागतात म्हणून विचारून, वाचून जे कळलं ते सांगते.

सरसकट बंदी नाही. हे मी पहिल्यांदा घरात बोलले तेव्हा माझ्या खालानं, म्हणजे मावशीनं, कपाळावर हात मारला होता. पण 'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहात (हदीस म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या, वागण्याच्या नोंदी) सरळ आलंय की प्रेषितांच्या पत्नी आपले केस कानांच्या आसपास येतील इतके आखूड करायच्या. तेराव्या शतकातले इमाम नववी यावरूनच म्हणतात की बाईनं केस कमी केले तर चालतं. काझी इयाज या दुसऱ्या जुन्या विद्वानांचं म्हणणं असं की त्यांनी हे प्रेषितांच्या निधनानंतर केलं, नटणंमुरडणं सोडलं म्हणून. कारण काहीही असो, कापले हे दोघांनाही मान्य.

मग ही "नको, नको" येते कुठून? आपल्याकडचे बहुतेक मुसलमान हनफी, म्हणजे सुन्नींच्या चार धर्मशास्त्र-परंपरांपैकी एक मानणारे. सतराव्या शतकातल्या 'दुर्र-ए-मुख्तार' या हनफी ग्रंथात आहे की बाईनं डोक्याचे केस कापले तर तिला गुनाह, म्हणजे पाप, लागतो. पण तिथंच कारणही दिलंय : पुरुषांची नक्कल होते म्हणून. पहिला भाग सगळ्यांना पाठ, दुसरा कुणी सांगत नाही! ऑक्टोबर 2017 मध्ये देवबंदच्या दारुल उलूम या मोठ्या मदरशानं केस कापणं आणि भुवया कोरणं दोन्ही नाजायज असल्याचा फतवा दिला, पेपरात गाजला. त्या आठवड्यात माझ्याकडे दोघींनी येणं रद्द केलं आणि एकीनं मुद्दाम येऊन स्टेप कट करून घेतला.

माझ्या मते नक्कल हाच मुद्दा धरून चाललं की कोडं सुटतं. बॉयकटला जवळजवळ सगळेच मौलाना नाही म्हणतात. टक्कल करणं तर आजारपण सोडून मनाच. हजमध्येसुद्धा शेवटी पुरुष डोकं भादरतात, बाईनं मात्र बोटाच्या पेराएवढेच केस कापायचे. अम्मी हजला गेली तेव्हा खोलीतल्या बायकांनी एकाच छोट्या कात्रीनं एकमेकींचे कापले म्हणे. कापणंच पाप असतं तर हज त्यावर कसा संपला असता, हा माझा खालाला प्रश्न. तिनं अजून उत्तर दिलेलं नाही. नागपूरचा पारा 45 वर गेला की तीच खाला "थोडे हल्के कर दे" म्हणत येते, ते वेगळं.

भुवयांचं मात्र खरोखर कडक आहे. भुवया उपटणारी आणि उपटून घेणारी, दोघींवर हदीसमध्ये लानत, म्हणजे शाप, आहे. म्हणून थ्रेडिंगचा आग्रह धरू नका, "बस दोन केस" असं तर मुळीच म्हणू नका. तिनं नाही म्हटलं म्हणजे ठरवूनच म्हटलेलं असतं. बाईच्या चेहऱ्यावर मिशी-दाढीसारखे केस आले तर ते काढायला हनफी फिकहची (धर्मशास्त्राची) ना नाही, त्यामुळे अप्परलिप बहुतेकजणी खुशाल करून घेतात.

गंगावनाचंही असंच. केसांना केस जोडणं मना आहे, मदिन्यात खलिफा मुआविया यांनी केसांचा झुबका हातात धरून मिंबरवरून, म्हणजे मशिदीतल्या व्यासपीठावरून, "तुमचे आलिम कुठे गेले?" असं विचारल्याचं 'बुखारी' या हदीससंग्रहात आहे. हनफी लोक हा रोख माणसाच्या केसांवर मानतात. लोकर, रेशीम, नायलॉन चालतं. केमोनंतर माझ्याकडे आलेल्या एका बाईला हे मी सांगितलं तेव्हा तिनं आधी मौलानांना फोन लावला, मगच नायलॉनचा विग निवडला. मला राग नाही आला, विश्वास तिला तिथून हवा होता.

केस रंगवताना मेहंदी, तपकिरी, लालसर चालतं. निव्वळ काळा रंग टाळायला सांगितलंय, आणि त्यात बायकांना सूट आहे की नाही यावर वाद आहेत. नेलपॉलिशनं वुजूचं, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याचं, पाणी नखाला लागत नाही, त्यामुळे ज्यांची त्या दिवसांत नमाज नसते त्या बरोबर त्याच दिवसांत नेलपॉलिश लावायला येतात. तारखा ओळखीच्या होतात, पण त्यावर बोलायचं नाही.

दाराला पडदा लावा, मुलगा-भाऊ आत येणार नाही हे आधीच सांगा, त्यानं अर्धा संकोच जातो. आणि एक. कापलेले केस लगेच झाडून कचऱ्यात टाकू नका. कित्येक जणी ते पुडीत बांधून नेतात, घरी कुंडीत नाहीतर अंगणात पुरतात. माझ्या काउंटरखाली जुन्या पेपरचे तुकडे त्यासाठीच कापून ठेवलेले असतात.