कारवाई मागितली, कार्यवाही मिळाली

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला निवेदनाचा मसुदा मी दोनदा वाचला. बसस्थानकाकडून वसतिगृहाकडे जाणाऱ्या रस्त्यावर महिनाभरात दोन मुलींच्या हातातून मोबाइल हिसकावले गेले, तो रस्ता रात्री काळोखात असतो, आणि त्याच रस्त्यावर पथदिव्यांचे काम पूर्ण झाल्याचा फलक मात्र दिमाखात उभा आहे, हे तू नेमकेपणाने मांडले आहेस. शेवटी मात्र तुम्ही नेहमीचे वाक्य घातले आहे: ‘तरी संबंधितांवर कडक कारवाई करावी, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.’ हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा वाचले की त्यावर काय लिहायचे हे माझ्या हाताला पाठ झाले होते.

मी आवक-जावकच्या टेबलावर असताना असे निवेदन आले की त्यावर गोल शिक्का मारत असे, नोंदवहीत क्रमांक घालत असे आणि सोबतच्या पत्रावर लिहीत असे, ‘सदर निवेदन पुढील उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित.’ लोकांनी कारवाई, म्हणजे दोषींना जाब, मागितलेली असायची आणि आम्ही त्यांना कार्यवाही द्यायचो, म्हणजे कागद पुढे सरकवायचो. पुढचे कार्यालयही तेच वाक्य लिहून कागद आणखी खाली पाठवायचे, आणि काही महिन्यांनी ‘नियमानुसार कार्यवाही करण्यात आली आहे’ असे उत्तर जाऊन नस्ती, म्हणजे त्या विषयाची फाइल, बंद व्हायची. या साऱ्या प्रवासात कोणी खोटे बोललेले नसे. मागणीच अशी असे की ती पुरी झाली की नाही, हे मागणाऱ्यालाही सांगता आले नसते. अशा कितीतरी नस्त्यांवर माझी सही आहे आणि त्याचा मला अभिमान नाही.

म्हणून मागणी अशी लिही, की उत्तर देणाऱ्याला ‘केले’ किंवा ‘केले नाही’ यांपैकी एक म्हणावेच लागेल. कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याने, कोणत्या तरतुदीखाली, किती दिवसांत, कोणता कागद द्यायचा किंवा कोणते काम करायचे, हे प्रत्येक मागणीत दिसले पाहिजे. तुझ्या निवेदनात पोलिसांचा विषय आणि नगरपरिषदेचा विषय एकाच परिच्छेदात आले आहेत, ते आधी वेगळे कर. दोन कार्यालयांना दोन पत्रे गेली नाहीत, तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवील.

पोलिसांचे आधी घेऊ. त्या दोघींनी ‘तक्रार दिली’ असे तू लिहितेस, पण त्यांच्या हाती कोणता कागद आला ते लिहीत नाहीस. तो मागवून वाच. माझा अंदाज आहे की त्यावर ‘मोबाइल गहाळ’ असे असेल. गहाळ झालेल्या वस्तूला आरोपी नसतो, त्यामुळे तपास नसतो, आणि त्या रस्त्यावर गुन्हा घडला ही नोंदही राहत नाही. उद्या तुम्ही रात्रीची गस्त मागायला गेलात की त्या भागात गुन्हे ‘निरंक’, म्हणजे शून्य, असल्याचे उत्तर मिळेल. हातातून हिसकावून नेणे हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ खाली स्वतंत्र दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे त्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की तो नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली ठरवले. तपासाची पद्धत ठरवणाऱ्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने काही गुन्ह्यांत, वरिष्ठांच्या परवानगीने, आधी १४ दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा दिली आहे, तेवढे लक्षात ठेव. पण त्याच कलमाने गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात सांगता येतो आणि प्रथम खबरेची (एफआयआरची) प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिला तर हुज्जत घालत बसू नका. हकीकत लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग उघडा होतो.

आता दिव्यांकडे. खरे पाहता तुझे दोन्ही विषय इथेच एकत्र येतात, कारण रस्त्यावरचा काळोख आणि देयकातला उजेड हे एकाच खांबाचे दोन हिशेब आहेत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कर. हा कायदा २००५ चा आहे. आपल्या महाराष्ट्रातल्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो, आणि माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन तुझ्यावर नाही. ‘भ्रष्टाचाराची माहिती द्या’ असे लिहिलेस तर ‘अशी माहिती अभिलेखावर नाही’ असे उत्तर येईल, आणि ते खरेच असेल. त्या रस्त्याच्या कामाचा कार्यारंभ आदेश, झालेल्या कामाची मापे नोंदवलेल्या मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने आणि अदा केलेले अंतिम देयक, एवढेच माग. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ती टळली किंवा अर्धवट उत्तर आले, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील कर. त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसऱ्या अपिलासाठी ९० दिवस असतात. आयोगाकडे वेळ फार लागतो, म्हणून पहिला अर्जच इतका स्वच्छ लिही की अपिलाची वेळ येऊ नये.

मधल्या काळात तुम्ही चौघीजणी एका संध्याकाळी तो रस्ता चालत जा आणि वहीत खांबाचा क्रमांक, दिवा आहे की नाही, असल्यास पेटतो की नाही, तारीख आणि वेळ, असे रकाने भरा. आठवड्याने पुन्हा जा. मोजमाप पुस्तिका हाती आली की ही वही तिच्या शेजारी ठेवायची. तोपर्यंत कोणावरही ‘भ्रष्टाचार’ हा शब्द लिहू नकोस. त्या शब्दाने कार्यालय लगेच एकजूट होते, शिवाय अब्रुनुकसानीची नोटीस येते; खांब मोजल्याबद्दल अजून कोणाला नोटीस आलेली माझ्या ऐकिवात नाही. डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानातल्या कोटकिराना गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली, तेव्हा विकासकामांच्या खर्चाचे कागद गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचले गेले. कामावर गेलोच नव्हतो, हे सांगायला ज्यांचे नाव त्यात होते तेच समोर बसलेले होते. माहितीच्या अधिकाराची मागणी देशभर पोचली त्यात अशा सभांचा मोठा वाटा आहे. तुमच्याही रस्त्यावर ते देयक बंद दिव्याच्या खांबाखाली उभे राहून वाचता येईल.

मोर्चा काढायचा की नाही, असे तू विचारतेस. काढ, पण हातात कागद आल्यावर. रस्त्यावरच्या गर्दीला मी कमी लेखत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर दिल्लीत लोक उतरले, न्यायमूर्ती वर्मा समितीने महिनाभरात अहवाल दिला, आणि पुढच्याच वर्षी स्त्रियांवरील काही गंभीर गुन्हे नोंदवून न घेणाऱ्या लोकसेवकाला शिक्षेची तरतूद झाली. पण २०११ चे लोकपाल आंदोलनही आठव. कायदा २०१३ च्या डिसेंबरात संमत झाला, जानेवारी २०१४ मध्ये अमलात आला, आणि पहिले लोकपाल नेमले गेले ते मार्च २०१९ मध्ये. पाच वर्षे खुर्ची रिकामी होती. कायदा झाल्याच्या दिवशी गुलाल उधळून घरी गेलेल्यांत मीही होतो.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवणार नाही. तळेगाव दाभाडे येथील जमीन गैरव्यवहार माहिती अधिकारातून उघड करणारे सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. त्यामुळे अर्ज एकटीच्या नावाने करू नकोस; चार नावांनी चार अर्ज जाऊ देत, आणि प्रत्येक कागदाची छायाप्रत तुमच्या गटाबाहेरच्या दोन माणसांकडे असू दे. कंत्राटदाराचा कोणी ‘चहाला या’ म्हणून बोलवायला आला तर जाऊ नका, आणि त्याने काय निरोप दिला ते तारखेसह त्याच वहीत लिहून ठेवा.

सोमवारी पत्रांच्या दोन-दोन प्रती घेऊन जा. साहेबांसोबत निवेदन देतानाचा फोटो काढला नाही तरी चालेल, पण दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याखेरीज बाहेर पडू नकोस. पोच देणारा कारकून जागेवर नाही, उद्या या, असे सांगतील. तिथल्याच बाकावर बस. मीही लोकांना तसेच सांगत असे, आणि कोणी बसून राहिले की तो कारकून पंधरा मिनिटांत सापडत असे.

तुझा,
काका