कृषी सल्ला : गाय काळीपांढरी, वळू काळापांढरा, मग कालवड लाल कशी?

शिरूर तालुक्यातल्या एका दादांनी विचारलंय की साहेब, एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय काळीपांढरी, कांडी (गोठवलेल्या वीर्याची नळी) पण काळ्यापांढऱ्या एचएफ वळूचीच सांगितली होती आणि कालवड झाली लालपांढरी, एआयवाल्याने (कृत्रिम रेतन करणाऱ्याने) भलतीच कांडी भरली का? प्रश्न खरं तर पशुवैद्यकीय दवाखान्याचा, पण बियाण्याचं गणित पण हेच असतं म्हणून सांगतो.

दादा, भांडायला जायच्या आधी एवढं बघा. रंग ठरवणाऱ्या जीनच्या (आईबापाकडून येणाऱ्या गुणाच्या घटकाच्या) वासराला दोन प्रती मिळतात, एक आईची एक बापाची. एचएफमध्ये काळा वरचढ, त्यामुळे एक काळी आणि एक लाल प्रत असली तरी जनावर काळंच दिसतं, लाल आत गप बसून राहतो. अशी गाय आणि असाच वळू एकत्र आले की दर वेताला चारात एक चान्स असतो की दोघांकडून लालच आला, आणि मग वासरू लाल. म्हणजे चार वेतांत एक लाल होणारच असं नाही हां, एकही होणार नाही किंवा लागोपाठ दोन होतील.

आता शंका फेडायची तर कांडीवरचा वळू नंबर बघा आणि तो वळू रेड कॅरिअर, म्हणजे दिसायला काळा पण आत लाल प्रत असलेला, आहे का ते वळूंच्या कॅटलॉगमध्ये शोधा. असेल तर विषय संपला. जीनच्या टेस्टमध्ये वळू निव्वळ काळा, म्हणजे दोन्ही प्रती काळ्या, निघाला तर मात्र त्याचं वासरू लाल होत नाही, मग तारीख मोजा. भरवल्यापासून साधारण 280 दिवसांनी गाय व्यायते, तुमची तीनेक आठवडे उशिरा व्यायली असेल तर ती बहुतेक उलटली होती, म्हणजे गाभ न राहता परत माजावर आली, आणि गावातल्या एखाद्या वळूने काम केलं, एआयवाल्याला उगाच शिव्या.

व्यापारी लाल म्हणून भाव पाडेल, देऊ नका. रंगाचा दुधाशी संबंध नाही. दूध एका जीनवर नसतंच, बरेच जीन आणि वर तुमचा चारापाणी, आणि निम्मे जीन वळूचे, म्हणून वळूच्या आईचं आणि मुलींचं दूध विचारा, नुसता फोटो बघून कांडी घेणारे लय आहेत. आणि ही कालवड मोठी झाल्यावर तिच्या बापाचीच कांडी परत भरू नका, आत दडलेले वाईट गुण बापलेकीच्या जोडीत असेच वर येतात.

जुन्नरच्या ताईंनी हायब्रीड टोमॅटोचं बी घरी धरू का विचारलंय. ताई, नको. पहिल्या पिढीत सगळी झाडं एकसारखी, पण त्यांच्या बियांतून दडलेलं सगळं बाहेर येतं, मेंडेल नावाच्या शास्त्रज्ञाने 1866 मध्ये वाटाण्यावर छापलं ते हेच, एक झाड उंच एक बुटकं, फळ कुठं चपटं कुठं मऊ, नारायणगावच्या मार्केटला असला माल कोण घेणार. सोयाबीनचं सरळ (हायब्रीड नसलेल्या) वाणाचं बी खुशाल धरा, फक्त पेरायच्या आधी गोणपाटात शंभर दाणे उगवून बघा, सत्तरच्या खाली आले तर ते बी पेरू नका.