हैयानचा वारा विक्रमी होता, पण माणसं नेली पाण्याने

तुमचा प्रश्न असा आहे: फिलिपिन्समध्ये वर्षाला वीसेक वादळं येतात, म्हणजे लोकांना सवय असणार, मग नोव्हेंबर २०१३ च्या हैयान वादळात सहा हजारांवर माणसं कशी गेली? वारा तेवढा जबरदस्त होता म्हणून का?

मी मर्चंट नेव्हीत डेकवर काम करतो. पश्चिम पॅसिफिकचे हवामान-नकाशे बघणं हे रोजचं काम आणि जहाजावर निम्मे सोबती फिलिपिनो, त्यामुळे या वादळाबद्दल बरंच वाचलंय आणि त्याहून जास्त ऐकलंय. थोडक्यात उत्तर: वाऱ्याने घरं पाडली, पण बहुतेक माणसं बुडून गेली. आणि वाऱ्याच्या आकड्याकडे सगळ्यांचं लक्ष लागून राहिलं, हाही त्या बुडण्याला हातभारच होता असं माझं मत आहे.

आधी तो आकडा. अमेरिकन नौदलाच्या केंद्राने ताशी ३१५ किलोमीटर सांगितला, जपानच्या हवामान खात्याने २३०. यात खोटं कोणी नाही. अमेरिकन एका मिनिटाची सरासरी धरतात, जपानी दहा मिनिटांची. शिवाय दोन्ही अंदाज उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेले. त्या वादळात विमान घालून कोणी वारा मोजला नव्हता. तेव्हा ‘जगातलं सर्वांत शक्तिशाली’ वगैरे मथळे जरा सैल हातानेच धरावेत.

हैयान जन्मलं २ नोव्हेंबरच्या सुमारास, मायक्रोनेशियातल्या पोनपेई बेटाच्या आग्नेयेला, एक साधा कमी दाबाचा पट्टा म्हणून. तीन-चार दिवसांत त्याचा राक्षस झाला. वादळ समुद्रातल्या उष्णतेवर जगतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण वादळ स्वतःच पाणी घुसळून खालचं थंड पाणी वर आणतं आणि आपलंच अन्न कमी करतं, हे कमी जणांना माहीत असतं. तिथे त्या वर्षी गरम पाण्याचा थर खूप खोल होता. घुसळलं तरी वर गरमच येत होतं. त्यात वादळ घाईत, ताशी चाळीसेक किलोमीटरने पश्चिमेला निघालेलं, एका जागी रेंगाळून पाणी थंड करायला त्याला वेळच नव्हता. वरच्या हवेत वादळाचा खांब तिरका करणारे उलटसुलट वारेही फारसे नव्हते. केंद्रातला हवेचा दाब, जो एरवी हजार हेक्टोपास्कलच्या थोडा वर असतो, तो ८९५ पर्यंत उतरला.

८ नोव्हेंबरच्या पहाटे पावणेपाचच्या आसपास ते पूर्व समारमधल्या गीवानला धडकलं. तिथलं डॉपलर रडार, म्हणजे वादळातला पाऊस-वारा टिपणारं यंत्र, मोडून पडलं. सातच्या सुमारास केंद्र लेयते बेटावरच्या तोलोसाजवळ जमिनीवर आलं. आणि आता खरी गोष्ट सुरू होते, कारण तोलोसाच्या थोडं उत्तरेला टॅक्लोबान आहे, दोन लाखांवर वस्तीचं शहर.

नकाशा उघडून बघा. लेयतेचं आखात उत्तरेकडे निमुळतं होत सान पेद्रो उपसागरात शिरतं, तो उथळ आहे, आणि त्याच्या टोकाला टॅक्लोबान. विमानतळ तर समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या जिभेवर. डेकवर शिकणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्यांदा घोकायला लावतात की आपल्या गोलार्धात वादळाच्या वाटेची उजवी बाजू घातक. तिथे वाऱ्याचा वेग आणि वादळाचा स्वतःचा वेग एकत्र येतात. पश्चिमेला जाणाऱ्या हैयानची उजवी बाजू म्हणजे उत्तर, म्हणजे टॅक्लोबान.

सुरुवातीला तिथे वारा जमिनीकडून समुद्राकडे होता. त्याने उपसागरातलं पाणी बाहेर ढकललं, किनारा उघडा पडला. केंद्र पुढे सरकलं तसा वारा फिरला आणि आग्नेयेकडून सगळं पाणी आत कोंबू लागला. दाब उतरल्यामुळे समुद्र फुगतो, पण तो हिशेब एका हेक्टोपास्कलला साधारण एक सेंटिमीटर असा आहे. म्हणजे इथे मीटरभर. बाकीची उंची वाऱ्याने आणि उथळ, निमुळत्या उपसागराने दिली. शहरात पाणी पाच-सहा मीटर चढलं, काही मिनिटांत. कोकणात आपण ज्याला उधाण म्हणतो ते सहा तास घेऊन चढतं. हे तसं नव्हतं. समारच्या किनाऱ्यावर एर्नानीला तर खाडी-उपसागर काही नसताना लाटांचे जथ्थे खडकाळ कठड्यावरून त्सुनामीसारखे आत आले. त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे. बघवत असेल तर बघा.

मग इशारा नव्हता का? होता. फिलिपिन्सची हवामान संस्था पगासाने समुद्र सात मीटरपर्यंत चढण्याचा अंदाज दिला होता, आणि आदल्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकिनो स्वतः टीव्हीवर आले होते. साडेसात लाखांच्या वर लोक हलवलेही गेले. नंतर सगळीकडे एकच कारण सांगितलं गेलं की ‘स्टॉर्म सर्ज’ (वादळाने किनाऱ्यावर चढवलेलं समुद्राचं पाणी) हा शब्द लोकांना कळलाच नाही, त्सुनामी म्हटलं असतं तर पळाले असते. त्यात तथ्य आहे, पण मला ते कारण अपुरं वाटतं. लोक पळाले होतेच. ते शाळेत गेले, सभागृहात गेले, पक्क्या इमारतीत गेले, आणि त्यातल्या कित्येक जागा समुद्राजवळ, सखल भागात होत्या. वाऱ्यापासून वाचायला त्या उत्तम होत्या. टॅक्लोबानच्या मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये जे वरच्या पायऱ्यांवर चढू शकले ते वाचले. खाली राहिलेल्यांपैकी काही जण दगावले. आपल्या गल्लीत पाणी कुठवर येईल हे दाखवणारा नकाशा सामान्य माणसाच्या हातात नव्हता. नुसते ‘सात मीटर’ ऐकून कोणी काय करणार?

शिवाय आठवण पुसली गेली होती. ऑक्टोबर १८९७ मध्ये याच समार-लेयतेवर असंच वादळ, असंच पाणी आलं होतं आणि हजारावर माणसं गेली होती. मनिला वेधशाळेच्या होसे अल्गुए या जेझुइट (एका ख्रिस्ती धर्मसंघाच्या) शास्त्रज्ञांनी ते तपशीलवार लिहून ठेवलं होतं. पण शंभर वर्षांत तिथे वस्ती वाढली, बरीचशी पाण्याला खेटून.

‘वारा जास्त म्हणून मृत्यू जास्त’ हा हिशेब तपासायचा असेल तर दोन वादळं हैयानच्या शेजारी ठेवून बघा. २०२० चं गोनी कातान्दुआनेस बेटावर अमेरिकन अंदाजानुसार तेवढ्याच वाऱ्याने धडकलं. फिलिपिन्समधले मृत्यू शंभराच्या आत राहिले. उलट १९७० चं भोला, वारा हैयानपेक्षा कितीतरी कमी, पण बंगालच्या उपसागराच्या उथळ टोकाला, रात्री, सपाट बेटांवर आलं: किमान तीन लाख माणसं.

हैयानमध्येच आणखी एक उदाहरण आहे. सेबू प्रांतातलं तुलांग दियोत हे इवलंसं बेट. हजारेक माणसं, आणि ती सगळीच्या सगळी आदल्या दिवशी होड्यांनी मोठ्या बेटावर नेली. जवळजवळ प्रत्येक घर गेलं, माणूस एकही गेला नाही. लोकांना त्याची आधीपासून तालीम होती.

सरकारी नोंद ६,३०० मृत, हजारावर बेपत्ता. अकिनोंनी सुरुवातीला दोन-अडीच हजारांचा अंदाज सांगितला होता. मदत उशिरा पोचली याबद्दल खूप राजकारण झालं, त्यात मी पडत नाही. विमानतळ मोडलेला, रस्ते झाडांनी बंद आणि ज्या पोलिसांनी-कर्मचाऱ्यांनी पहिली मदत करायची तेच घरचे लोक शोधत होते. आमच्या जहाजावरचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, लेयतेचा. कित्येक दिवस त्याला घरचा फोन लागत नव्हता, आणि तरी तो रोज वेळेवर कामावर यायचा.

त्याचे घरचे वाचले, पण माड गेले. हा भाग बातम्यांत कमी आला. सुमारे ३ कोटी ३० लाख नारळाची झाडं मोडली किंवा निकामी झाली. निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या पाहिलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको. नवा माड धरायला सहा-आठ वर्षं लागतात, तोवर खोबरं विकून जगणाऱ्याने काय करायचं? शिवाय पडलेले ओंडके तसेच कुजले तर गेंडा भुंगा माजतो आणि उरलेले माडही पोखरतो, म्हणून करवती लावून ते कापून काढावे लागले. त्याच फळ्यांनी अनेकांनी घरं उभारली.

किनाऱ्यापासून ४० मीटरच्या आत बांधायचं नाही असं ठरलं आणि लोकांना टॅक्लोबानच्या उत्तरेला घरं दिली. घरं पक्की, पण सुरुवातीला नळाला पाणी नव्हतं आणि समुद्र लांब. मासेमारी करणारा माणूस तिथे किती दिवस बसेल? बरेच जण परत किनाऱ्याला येत राहिले.

मात्र सवयीबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. वर्षभराने, डिसेंबर २०१४ मध्ये, हागुपित वादळ पुन्हा पूर्व समारवरच आलं. ते हैयानइतकं जोरदार नव्हतं आणि हळू येत असल्याने वेळही जास्त मिळाला, हे मान्य. पण या वेळी दहा लाखांच्या वर लोक आधीच हलले, टॅक्लोबानचे लोक तर सांगायच्या आधीच निघाले. मृत्यू वीसच्या आसपास झाले.